लवंगीला बोकड्या, फुलगळ, आणि जोलोकिया रुजेना. गॅलरीतल्या मिरचीचं काय करू?

सातवा_मजला

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. गॅलरी पश्चिमेची, त्यामुळे सकाळी ऊन नाही आणि दुपारी एकनंतर नुसतं रणरणतं. सासूबाई सोलापूरच्या. इकडच्या मिरचीला त्या मिरची म्हणायलाच तयार नाहीत, म्हणून जूनमध्ये नर्सरीतून लवंगीची दोन रोपं आणली. उंच वाढली, हिरवीगार झाली, फुलंही भरपूर. पण फुलं देठासकट गळून पडतात. त्यात गणपतीनंतर शेंड्याची पानं आकसायला लागली. नर्सरीवाला म्हणाला बोकड्या आहे, आणि बिनलेबलची एक बाटली हातात दिली. काय आहे विचारलं तर "पावरफुल आहे मॅडम". अजून फवारलेली नाही.

दुसरं म्हणजे, ऑफिसातल्या गुवाहाटीच्या मैत्रिणीने भूत जोलोकिया मिरचीच्या बिया दिल्यात. पेपर कपात पेरल्या, दुसरा आठवडा सरला, एक हिरवं टोक नाही. फेकून देऊ का? आणि पुढच्या वेळी लवंगी बियांपासूनच करायची म्हटलं तर घरातल्या वाळक्या मिरचीचं बी चालेल? खत म्हणून सध्या केळीच्या सालींचं पाणी आणि मधूनमधून थोडा युरिया.

चहाबिस्कीट

जोलोकियाचा कप वायफायच्या राऊटरवर ठेवा. चेष्टा नाही, माझ्या ढोबळीच्या बिया तिथेच रुजल्या. नेटचा स्पीड तेवढाच राहिला.

जवारी

ताई, जोलोकिया फेकू नका. लवंगी, ज्वाला, ब्याडगी आठ-दहा दिवसांत मान वर काढतात. जोलोकिया हबानेरो या परदेशी जहाल मिरचीच्या भावकीतली, तिला दोन ते पाच आठवडे लागतात, तेही मातीत २५ ते ३० अंशांची ऊब असेल तर. राऊटरची युक्ती खरंच चालते, फक्त कप सुकत नाही ना ते रोज बघा. वरून पाणी ओतलं की बी खोल जातं. कपाच्या बुडाला भोकं पाडून तो ताटलीतल्या पाण्यात ठेवा, माती खालून ओढून घेते. वर ओल दिसली की ताटली काढा. बी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खाली नको.

वाळक्या मिरचीचं बी चालतं, पण ती कुठली मिरची ते महत्त्वाचं. आमचं गाव गडहिंग्लजकडचं, घरात जवारी मिरची. वडील बियाण्याची झाडं आधीच हेरून ठेवायचे. रोग न आलेलं, बुटकं, भरपूर लागलेलं झाड. त्यावरच्या मिरच्या पूर्ण लाल होऊ द्यायच्या, तोडून सावलीत वाळवायच्या आणि बी राखेत घोळून ठेवायचं. बाजारची मिरची बऱ्याचदा संकरित वाणाची असते. तिचं बी उगवेल, पण लेकरं आईच्या वळणावर जातील याची हमी नाही. त्यापेक्षा सरळ वाण घ्या: राहुरी कृषी विद्यापीठाची फुले ज्योती, दापोली कृषी विद्यापीठाची कोकण कीर्ती, नाहीतर पुसा ज्वाला. यांचं बी दरवर्षी घरचं धरता येतं. ठाण्यात मी असतो तर कोकण कीर्ती लावली असती.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. पेरायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, त्यात चिमूटभर ट्रायकोडर्मा, म्हणजे उपयोगी बुरशीची पूड. हे चिमूटभर टाळू नका. दाट पेरलेलं आणि सतत ओलं राहिलेलं रोप मातीलगत तपकिरी पडून एका रात्रीत आडवं होतं, मग काही करता येत नाही. चार-सहा पानं आली, म्हणजे साधारण महिना-दीड महिन्यानं, की संध्याकाळी मोठ्या कुंडीत हलवा. कुंडी बारा इंची. निम्मी माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड.

आता तुमची फुलगळ. युरिया आजपासून बंद. नत्र जास्त झालं की मिरची पानांच्या मागे लागते, म्हणून तर तुमचं झाड एवढं हिरवंगार आहे. दुसरं कारण ऊन. पारा ३५ च्या वर गेला की मिरची फूल धरत नाही, आणि पश्चिमेच्या गॅलरीत भिंतही तापते. ऑक्टोबरभर दुपारी हिरवी जाळी लावा आणि कुंडी भिंतीपासून लांब सरकवा. केळीच्या सालींच्या पाण्यानं काही वाईट होत नाही, पण त्याचा जेवढा गाजावाजा आहे तेवढं त्यात काही नाही. सालं सरळ कंपोस्टात टाका. त्यापेक्षा फुलावर आल्यावर चमचाभर लाकडाची राख मातीत मिसळा, पालाश (पोटॅश) मिळेल.

पाण्याचं म्हणाल तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. आत ओल लागली तर पाणी नाही. भर दुपारी मिरची पानं टाकते, ते बघून लगेच झारी उचलू नका. सहा वाजेपर्यंत पुन्हा ताठ झाली तर ती तहानलेली नव्हतीच.

बोकड्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक वाटेल ते फवारतात. बोकड्या एकाच कारणानं येत नाही. सकाळी पांढरा कागद शेंड्याखाली धरा आणि फांदीला टिचकी मारा. कागदावर पिवळट, बारीक, दोऱ्याच्या तुकड्यासारखं काही चालताना दिसलं तर ते फुलकिडे. त्यांनी रस शोषलेलं पान कडेनं वर वळतं, होडीसारखं. कागदावर काही नाही, पण पान खालच्या बाजूला वळलंय, अरुंद झालंय आणि देठ लांबलाय, तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, रस शोषणारा बारीक माइट. तो भिंगाशिवाय दिसत नाही. आणि झाड हलवल्यावर पांढऱ्या माश्या उडाल्या, पानं बारीक चुरगळलेली, शिरा पिवळ्या, झाड खुजं राहिलेलं, तर विषाणू. त्यावर औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, नाहीतर माशी शेजारच्या कुंडीत नेते.

बाटली परत करा. काय आहे ते माहीत नसलेलं औषध खायच्या झाडावर मारायचं नाही. टिचकी मारून बघा आणि दोन्ही झाडांचे फोटो टाका, मग पुढचं बोलू.

काणकोणचो

वरच्या पाण्याच्या मुद्द्याला जोड. आमच्याकडे गोव्यात, काणकोणात, खोल्या गावची मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावरच होते. एवढ्या पावसात तग धरते कारण पाणी मुळाशी थांबतच नाही. ठाण्याच्या पावसात कुंडीखालची ताटली काढून ठेवायलाच हवी. आणि खोल्याची मिरची मिळाली तर लावून बघा. रेशादाला, म्हणजे आमच्या लाल वाटणाच्या मसाल्याला, दुसरी कुठली मी वापरत नाही.

सातवा_मजला

जवारीदादा, टिचकी मारली! एका झाडाखाली कागदावर पिवळट दोरे चक्क चालत होते. चष्मा लावून सासूबाईंनीही पाहिले आणि "हे एवढेसे?" म्हणाल्या. दुसऱ्या झाडाखाली काहीच नाही, पण त्याची पानं खाली वळलेली आहेत, देठ लांब. म्हणजे दोन झाडं, दोन वेगळे रोग? फोटो जोडलेत. माश्या दिसल्या नाहीत.

अजून एक. सासूबाई म्हणतात लवंगीशेजारी ढोबळी लावू नको, ढोबळी तिखट होते. खरं आहे का?

जवारी

हो, फोटोवरून तसंच दिसतंय. दोन्ही झाडांचे आकसलेले शेंडे आधी खुडून टाका.

फुलकिड्याच्या झाडाला कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली. त्यात आधी थोडा पातळ साबण घोळवा, नुसतं तेल पाण्यावर तरंगत राहतं. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं, आठवड्यानं पुन्हा. निळा चिकट सापळाही लावा. पिवळा पांढऱ्या माशीसाठी, निळा फुलकिड्यांसाठी.

कोळ्याच्या झाडाला पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, तेही उन्हं उतरल्यावर. कडक उन्हात गंधकानं पानं करपतात. आणि एकाच झाडावर तेल आणि गंधक पाठोपाठ नको, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. यासाठीच विचारत होतो की कुठल्या झाडाला काय झालंय. नवीन पालवी सरळ आली की समजा जमलं. जुनी वळलेली पानं सरळ होत नाहीत, त्यांची वाट बघू नका.

ढोबळीचं सासूबाई म्हणतात ते निम्मं खरं. यंदाची ढोबळी तिखट होणार नाही, कारण फळ आईच्याच झाडाचं. पण मधमाशीनं लवंगीचा पराग तिथे नेला तर त्या ढोबळीतलं बी मिसळलेलं असेल, आणि ते पुढच्या वर्षी पेरलं तर ढोबळी झणका देऊ शकते. बी धरायचं असेल तर एका फांदीला कळ्या फुलायच्या आधीच मलमलीची पिशवी बांधा. मिरची स्वतःच्या परागानंही फळ धरते. सकाळी पिशवीवरून फांदी हलवली की झालं. फळ दिसलं की पिशवी काढून त्या देठाला लाल दोरा बांधा, तोडताना चुकून ठेच्यात जायला नको.

श्टुटगार्टकर

तुम्हा लोकांना उन्हाचा त्रास, आम्हाला उलटा. इथे फेब्रुवारीत घरात दिव्याखाली पेरायचं आणि मेच्या मध्यापर्यंत रोपं बाहेर काढायची नाहीत. ११ ते १५ मे हे इथल्या संतांचे दिवस, त्यानंतर हिमतुषार पडत नाही असं जुने माळी मानतात आणि मीही मानायला लागलोय. ऑक्टोबरात झाड छाटून खिडकीशी आणतो, हिवाळाभर पाणी अगदी थोडं. मिरची एका वर्षाचं झाड नाही, थंडीपासून जपली तर पुढच्या वर्षी लवकर लागते. भारतात तर एवढंही करावं लागत नाही, छाटा आणि शेणखत द्या.

पुणेरी_बाग

बुलबुलांचं काय करता? माझ्या लाल मिरच्या तेच खातात, तोंडही पोळत नाही त्यांचं.

जवारी

नाहीच पोळत, पक्ष्यांना तिखट जाणवत नाही. ते बी न चावता गिळतात आणि दूर नेऊन टाकतात, मिरचीला तेच हवंय. आमच्या बांधावर न लावता उगवलेली मिरची त्यांचीच. घरच्या झाडाला जाळी टाका, किंवा हिरव्या असतानाच तोडा. तसंही पहिला तोडा हिरवाच करावा. झाडावर लाल होत बसली की झाड नवीन फुलं आवरतं घेतं. आणि तोडताना ओढू नका, फांदी फाटते. देठ कात्रीनं कापा.

सातवा_मजला

मार्चची खबर द्यायला आले. कोळीवालं झाड गंधकानं सुधारलं. फुलकिड्याचं नाताळपर्यंत रखडलं, पण जानेवारीपासून दोन्हीकडून तोडे चालू आहेत. सासूबाईंनी खर्ड्यात शेंगदाणे, लसूण आणि मीठ घातलं. "आत्ता मिरची झाली," एवढंच म्हणाल्या, माझ्यासाठी तेच पुष्कळ.

जोलोकियाच्या दोन बिया राऊटरवरच रुजल्या. एका झाडाला चार फळं धरलीत, एक केशरी व्हायला लागलंय. साल खडबडीत, टोकाला सुरकुत्या. तोडू की थांबू? आणि खायचं कसं? घरात सगळे उत्सुक आहेत, पण जवळ कोणी जात नाही.

जवारी

पूर्ण लाल होऊ द्या, वास तेव्हाच येतो. फळासारखा गोडसर वास असतो, त्याला फसू नका. २००७ साली गिनीजनं हिला जगातली सगळ्यात तिखट म्हणून नोंदवलं होतं, दहा लाख स्कोव्हिलच्या वर (स्कोव्हिल हे तिखटपणा मोजायचं माप). पुढे दुसऱ्या मिरच्यांनी मागे टाकलं, पण आपल्या जिभेला त्यानं फरक पडत नाही.

कापताना रबरी हातमोजे, खिडक्या उघड्या. फोडणीत टाकू नका, घरभर ठसका उठेल. तिखटपणा बियांत नसतो, आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. ती सुरीनं काढली तरी पुष्कळ उरतं, पण निदान चव कळेल. हाताला लागलंच तर आधी गोडेतेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्यानं जात नाही. तोंड पोळलं तर दही किंवा दूध.

पहिल्यांदा अर्धी मिरची लिंबाच्या लोणच्याच्या आख्ख्या बरणीत घाला. आठवड्यानं सासूबाईंना बोटभर खार चाखायला द्या, आणि बाकीची अर्धी घालायची की नाही ते त्यांनाच ठरवू दे.