विज्ञानाच्या तासाला सृष्टिनिर्मितीवादही शिकवावा का?

पेनसिल्व्हेनियातली आई (मूळ लेख)

गेल्या आठवड्यात आमच्या गावातल्या पालकसभेत एक गृहस्थ उठून शांतपणे म्हणाले, "उत्क्रांती शिकवता, तर देवाने सृष्टी निर्माण केली हेही शिकवा. मुलं ठरवतील काय खरं ते." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. माझी लेक नववीत आहे आणि जीवशास्त्रात तिचा तोच भाग चालू आहे. मला सभेत बोलायला सुचलं नाही. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय.

आमच्या घरापासून डोव्हर हे गाव तासाभरावर आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की, नववीच्या मुलांना उत्क्रांतीच्या सिद्धान्तात त्रुटी आहेत असं सांगायचं आणि 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक वाचायला सुचवायचं. त्यात 'बुद्धिमान रचने'चा, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने रचले या मताचा, पुरस्कार होता. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते निवेदन वाचायला नकार दिला, तेव्हा प्रशासनातली माणसं वर्गात येऊन वाचून गेली. अकरा पालक कोर्टात गेले.

त्या खटल्यात जे बाहेर आलं, ते दोन्ही बाजू मागणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं मला वाटतं. त्या पुस्तकाचे जुने मसुदे कोर्टापुढे आले. देवाने सृष्टी निर्माण केली हे 'निर्मितीविज्ञान' म्हणून शिकवण्याचा लुइझियाना राज्याचा कायदा सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये धर्माचा पुरस्कार ठरवून रद्द केल्यावर, मसुद्यातला 'निर्मितीवादी' हा शब्द काढून तिथे 'रचनेचे पुरस्कर्ते' घातलं गेलं होतं. एका ठिकाणी बदल अर्धवट राहिला आणि दोन्ही शब्द एकमेकांत अडकले. मंडळाच्या बाजूचे मुख्य साक्षीदार, जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बेही यांनी उलटतपासणीत मान्य केलं की, त्यांच्या व्याख्येने ज्योतिषही वैज्ञानिक सिद्धान्तात बसेल.

न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केली होती. २० डिसेंबर २००५ ला त्यांनी १३९ पानी निकाल दिला: हे विज्ञान नाही, विज्ञानाच्या वर्गात शिकवता येणार नाही. शाळेवर दहा लाख डॉलरहून जास्त खर्चाचा बोजा पडला. तो पैसा मुलांचा होता.

मुलांनी ठरवावं म्हणतात, पण पंधरा वर्षांच्या मुलीने कशावरून ठरवायचं? चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. उत्क्रांती म्हणते तसा दोघांचा पूर्वज एकच असेल, तर एक जोडी गेली कुठे? आपल्या दोन क्रमांकाच्या गुणसूत्रात दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जोडली गेल्याच्या खुणा सापडल्या. त्या सापडल्या नसत्या, तर सिद्धान्त अडचणीत आला असता. दुसऱ्या बाजूकडे अशी कोणती परीक्षा आहे, जिच्यात ती नापास होऊ शकते?

टेक्सासकर बाबा

ताई, लेख आवडला, पण सहमत नाही. विज्ञान म्हणजे काय हे न्यायाधीशाने का ठरवावं? १९८७ चा निकालही ७ विरुद्ध २ असा होता, एकमताचा नव्हता. डार्विनने स्वतःच्या पुस्तकात सिद्धान्तापुढच्या अडचणींवर अख्खं प्रकरण लिहिलं. आज शिक्षक तेवढं मन मोकळं करतात का?

आणि घरची गोष्ट सांगतो. माझ्या मुलाच्या वर्गात एका मुलीने देवाबद्दल प्रश्न विचारला. शिक्षक हसले, मग सगळा वर्ग हसला. ती मुलगी पुन्हा हात वर करत नाही. तिचे आईवडीलही कर भरतात. सरकारी शाळा त्यांचीही आहे.

जिल्हा परिषदेतली शिक्षिका

त्या मुलीबद्दल वाईट वाटलं. तिथे चूक शिक्षकाची आहे, पाठाची नाही.

हा प्रश्न अमेरिकेचाच आहे असं समजू नका. २०२३ मध्ये केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती वगळली. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या पाठाचा नुसता 'आनुवंशिकता' झाला. १८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र हा पहिलाच पाठ आहे. अवशेषांगे, म्हणजे पूर्वजांकडून आलेले पण आता फारसे कामाचे न उरलेले अवयव, शिकवताना मी मुलांना स्वतःचं माकडहाड चाचपायला लावते. आधी हसतात, मग गप्प होतात. तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

जम्मू-काश्मीरच्या कालाकोट भागात सापडलेल्या इंडोह्यूस या जीवाश्माबद्दलही सांगते. खुरं असलेला हा लहानसा प्राणी, पण त्याच्या कानाच्या हाडाची जाड भिंत देवमाशासारखी. २००७ मध्ये त्यावरचं संशोधन आलं. देवमाशाचं मूळ आपल्या मातीत सापडतं म्हटल्यावर शेवटच्या बाकावरची पोरंही पुढे सरकतात.

एक वाचक, पुणे

आपल्या दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा क्रम आधीच आहे. बायबल नको, ठीक. पण आपल्या मुलांना आपलं ज्ञान विज्ञानाच्या तासाला सांगायला काय हरकत आहे?

माळकरी घरातला

हरकत माझी आहे, आणि ती भक्तीच्या बाजूने आहे. आमच्या घरी तीन पिढ्यांची वारी आहे. अवतार विज्ञानाच्या पुस्तकात घातले की त्यांवर दोन गुणांचा प्रश्न येणार, उत्तर चुकलं की लाल रेघ येणार. पुढे एखादं जीवाश्म क्रमात बसलं नाही, तर काय, नरसिंह रद्द करायचा? ज्याला आपण हात जोडतो, त्याला परीक्षेला बसवू नका.

ऋग्वेदातलं नासदीय सूक्तच बघा. ही सृष्टी कुठून झाली, ते वरच्या अध्यक्षाला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, असं म्हणून ऋषी थांबतो. त्याने कुणावर उत्तर लादलं नाही.

टेक्सासकर बाबा

माळकरी दादांचं पटलं. पण मग मुलांनी या गोष्टी शाळेत ऐकायच्याच नाहीत का?

पेनसिल्व्हेनियातली आई

ऐकाव्यात की. १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळेतलं बायबलवाचन थांबवलं (तो खटलाही आमच्याच राज्यातला, अ‍ॅबिंग्टनचा), पण त्याच निकालात धर्मांचा तटस्थ अभ्यास शाळेत चालेल असंही म्हटलं. समाजशास्त्राच्या तासाला जेनेसिस, म्हणजे बायबलमधली सृष्टिकथा, शिकवा, नासदीय शिकवा, इथल्या मूळ रहिवाशांच्या सृष्टिकथा शिकवा. मला आनंदच होईल. विज्ञानाच्या तासाला नको, एवढंच.

आणि देवावर विश्वास ठेवणाऱ्यांना विज्ञान नको असतं, हे मला मुळीच मान्य नाही. डोव्हरच्या पालकांच्या बाजूने पहिली साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर श्रद्धाळू कॅथलिक आहेत. गुणसूत्रांचा तो पुरावा त्यांनीच कोर्टात मांडला.

तुम्ही सांगितलेल्या मुलीबद्दल मी सभेत बोलणार आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला कुणी हसू नये, हे मंडळाने लेखी द्यावं अशी मागणी करते.

टेक्सासकर बाबा

ते मागाच. पण डार्विनच्या अडचणींचा माझा मुद्दा सोडलेला नाही. न सुटलेले प्रश्न मुलांपुढे उघड मांडले पाहिजेत, विज्ञानाच्याच तासाला.

जिल्हा परिषदेतली शिक्षिका

ते मी मांडते. पहिली सजीव पेशी कशी झाली, हे अजून कोडं आहे, असं फळ्यावर लिहून ठेवते आणि आठवडाभर पुसत नाही.