मदत हवी आहे: 20 ते 28 डिसेंबर घर पाहुण्यांनी भरलेलं, 32 किमीचा लाँग रन कुठे बसवू?

सदरबझार_पहाट (15 डिसेंबर, रात्री 9:42)
सलाम मंडळी. थेट विचारते. 20 ला पाहुणे येतात, 28 ला संध्याकाळी जातात. आम्ही धरून अकरा माणसं. 18 ते 22 चर्चच्या मंडळीची कॅरल फेरी (घरोघरी नाताळगीतं), रोज रात्री साडेअकरा-बारा होतात. 24 ला रात्रीची उपासना 11 ते 1. 25 ला सकाळी 9 ची, आणि दुपारचं जेवण आमच्याकडे. 32 अजून व्हायचाय. 24 ला पहाटे उरकू की 26 ला? की सोडून देऊ? "नाताळ वर्षातून एकदाच येतो" हे घरात रोज ऐकते, निदान इथे नको. लवकर सांगा, उद्या सकाळी जाऊबाईंबरोबर कामांची वाटणी ठरवायची आहे.

कोरेगाव_रोड (9:58)
रेस कुठली, कधी, किती किमीची? आठवड्याला किती पळता? आतापर्यंतचा सर्वांत लांब रन किती आणि कुठल्या तारखेला? यातलं काहीच लिहिलेलं नाही. पाहुण्यांची संख्या मात्र पक्की कळली.

रिकाम्यापोटी (10:05)
दादा, सोपं आहे. 24 ला पहाटे काहीही न खाता 32 मारा. शरीर चरबी जाळायला शिकतं आणि पुढच्या दोन दिवसांच्या केक-करंज्यांचा हिशोब आधीच चुकता होतो.

घाटवाट (10:11)
@रिकाम्यापोटी तास-सव्वा तासाचा इझी रन उपाशीपोटी चालतो. 32 किमी नाही. स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) साधारण दोन ते अडीच तासांत तळाला जातं. मग पाय ओढत पुढचे दहा किमी काढायचे, आणि त्याच रात्री 11 ला उपासनेत उभं राहायचं? सर्दी-खोकल्याचीही भीती. आणि हिशोबच करायचा तर ढोबळ नियम असा: एका किमीला वजनाच्या किलोइतक्या कॅलरी. 60 किलोच्या माणसाला फळांच्या केकचा 100 ग्रॅमचा एक जाड तुकडा म्हणजे सहा किमी. त्यासाठी 32 पळायची गरज नाही.

सदरबझार_पहाट (10:20)
दादा नाही, ताई. मुंबई फुल मॅरेथॉन, 18 जानेवारी, पहिलीच. आठवड्याला 50-55 किमी. सर्वांत लांब 26, 7 डिसेंबरला. काल 18 केला. शेड्यूलमध्ये 21 ला 28 आणि 28 ला 32 आहे. इझी पेस किमीला 7 मिनिटांच्या आसपास. सातारा हिल हाफ मॅरेथॉन केलेली आहे.

कोरेगाव_रोड (10:31)
आता बोलता येतं. मग प्रश्न 24 का 26 हा नाहीच. 28 ला रविवार, रेसला बरोबर तीन आठवडे. शेड्यूल बरोबर आहे, तेच ठेवा. पहाटे 4:30 ला सुटा, सव्वाआठला घरी.

सदरबझार_पहाट (10:34)
28 ला 9 ला उपासना आहे, संडे स्कूलच्या मुलांची गाणी आहेत आणि पेटीवर मी आहे. सव्वाआठला येऊन एका बाथरूममागे दहा जणांच्या रांगेत उभी राहू?

कोरेगाव_रोड (10:36)
हे आधी सांगायचं ना ताई.

मोहन_कडकडीत (10:40)
फराळ कधी करताय ते कोणी विचारलंच नाही. करंज्या 24 ला करायला घेऊ नका. दोन वाट्या सुकं खोबरं, सव्वा वाटी पिठीसाखर, पाव वाटी भाजलेला रवा, दोन चमचे खसखस. खोबरं-रवा गार झाल्याशिवाय साखर घालायची नाही. गरम सारणात साखर पाझरते, सारण ओलं होतं आणि करंजी तेलात फुटते. एक फुटली की साखर जळून सगळं तेल काळं. पारीला दोन वाट्या मैद्याला तीन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन. कडा दुधाचं बोट लावून दाबा, मग कातणं फिरवा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, नाहीतर आतल्या वाफेने मऊ पडतात. डबा घट्ट असेल तर आठवडाभर काही होत नाही, म्हणजे 18 लाही करता येतील.

घाटवाट (10:49)
विषय पळण्याचा आहे, पण वरची तारीख कामाची आहे. तळणीला तीन-चार तास एका जागी उभं राहिलं की पोटऱ्या भरून येतात, आणि पाटावर मांडी घालून लाटलं की कंबर आणि जांघेचे स्नायू आखडतात. लाँग रनच्या आदल्या दिवशी दोन्ही नको. लाटण्याचं काम उंच ओट्यावर किंवा टेबलावर घ्या, तळणीला स्टूल घ्या.

रनचं म्हणाल तर माझं मत: 21 लाच 32 करा, रेसच्या चार आठवडे आधी. 28 तारखेचा रन 22 किमीवर आणा. दमणूक पूर्ण उतरते आणि नाताळ मोकळा मिळतो.

कोरेगाव_रोड (10:55)
20 च्या रात्री कॅरल फेरी आहे, वर लिहिलंय. साडेअकराला घरी, बाराला झोप, चारला उठणार? चार तासांच्या झोपेवर पहिला 32? शिवाय 18 पासून रोज रात्री गारठ्यात डांबरी रस्त्यावर उभं राहून गाणं. गल्ल्या धरल्या तर एका फेरीत पाच-सहा किमी चालणं सहज होतं, ते कुठल्याच शेड्यूलमध्ये मोजलेलं नाही.

घाटवाट (11:02)
मग शनिवार 27. रेसला 22 दिवस. 25 ला जेवण, 26 ला आराम, 27 ला पहाटे सुटायचं. दुसऱ्या दिवशी उपासना असली तरी फक्त बसायचं आहे.

कोरेगाव_रोड (11:04)
हे मान्य. फक्त 21 चा 28 कापा. कॅरलच्या आठवड्यात 18 ते 20 पुरे, तोही दुपारी झोप काढून संध्याकाळी. 26 वरून एकदम 32 ही उडी आहे, पण मधला आठवडा हलका असेल तर अंगावर येत नाही.

ट्रेडमिल_जिंदाबाद (11:10)
ट्रेडमिलवर करा. 1 टक्का चढ ठेवा. पाणी हाताशी, कुत्री नाहीत, थंडी नाही.

घाटवाट (11:12)
पावणेचार तास ट्रेडमिलवर? बऱ्याच मशीन तासाभराने आपोआप थांबतात. आणि नाताळात पहाटे साडेचारला कुठली जिम उघडी सापडणार?

नडगी_नको (16 डिसेंबर, सकाळी 6:15)
सगळे तारखांवर भांडताय. ताई, कुठे काही दुखतंय का? हा प्रश्न पहिला यायला हवा होता.

सदरबझार_पहाट (7:02)
डाव्या नडगीला आतल्या बाजूने थोडं दुखतं. दहा-बारा दिवस झाले. पळायला लागलं की पहिल्या दोन किमीत जाणवतं, मग जातं. म्हणून लिहिलं नव्हतं.

नडगी_नको (7:20)
हीच मुख्य गोष्ट, आणि ती पंधरा प्रतिसादांनंतर आली. आता नीट तपासा. खुर्चीत बसा, पाय सैल सोडा, अंगठ्याने नडगीच्या हाडाची आतली कड घोट्याच्या वर चार बोटांपासून वरपर्यंत हळूहळू दाबत जा. दोन शक्यता. एक: तळहाताएवढ्या लांबीत सगळीकडे ठसठस, पळताना गरम झाल्यावर कमी. दुसरी: एकाच नाण्याएवढ्या ठिकाणी कळ, पळताना वाढत जाते, रात्री झोपेतही ठणकते. दुसरी असेल तर 32 विसरा, आजपासून पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. हाडाला बारीक चीर असली तरी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर अनेकदा दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आला" म्हणून पळायला लागू नका. डॉक्टर गरज वाटल्यास एमआरआय सांगतात. एका पायावर उड्या मारून बघायचा उद्योग घरी करू नका.

सदरबझार_पहाट (7:41)
पहिली. साधारण वीतभर. रात्री ठणकत नाही. एका बिंदूवर नाही.

नडगी_नको (7:55)
ठीक. मग वाचवता येईल. कुठे पळताय? आणि बूट किती जुने?

सदरबझार_पहाट (8:03)
आठवड्यातून दोनदा साताऱ्याचा यवतेश्वर घाट, बाकी सदरबझार ते माहुली. बूट 800 किमी झाले असतील. कॅरलला चपला.

नडगी_नको (8:22)
तिन्ही कारणं स्वतःच लिहिलीत. घाट चढताना पोटरी ताणते, उतरताना प्रत्येक पाऊल ब्रेक मारल्यासारखं आदळतं. मांडीचे पुढचे स्नायू आणि नडगी दोन्ही त्यात पिळून निघतात. हिल हाफला अर्धी चढण अर्धी उतरण असते, तिथे तो सराव लागतो. मुंबईला पूल आणि पेडर रोडचा चढ सोडला तर सपाट आहे. रेसपर्यंत घाट बंद.

बूट आजच घ्या, त्याच मॉडेलचे. नवीन मॉडेलचा प्रयोग आत्ता नको. आधी दोन-तीन छोटे रन, मग 27. जुने बूट टाकू नका, कॅरल फेरीला घाला. सपाट कडक चपलेत रात्री पाच किमी चालणं आणि उभं राहणं हा नडगीवरचा जादा मारा आहे.

या आठवड्यात एकूण 30-35 किमी, सगळं इझी. टाचा उचलायचा व्यायाम रोज: पायरीच्या कडेवर, गुडघा सरळ ठेवून 15 चे तीन सेट, गुडघा किंचित वाकवून तीन सेट. खाली येताना तीन मोजत. 27 ला आकडा 32 नाही, 28. पहिल्या फुलला 28 पुरतो. दुखणं मध्येच वाढायला लागलं किंवा पाय बदलून पडायला लागला तर तिथेच थांबून रिक्षा.

घाटवाट (8:30)
चार किमी कमी केले तर शेवटच्या टप्प्याचा आत्मविश्वास कुठून येणार?

नडगी_नको (8:36)
स्टार्ट लाइनला उभं राहता आलं तर बघू. 7 च्या पेसने 28 म्हणजे सव्वातीन तास. त्याच्या पुढे मोडतोड वाढते, फायदा त्या मानाने कमी.

कोरेगाव_रोड (8:50)
पटलं. रस्त्याचं सांगतो. माहुलीच्या बाजूला पहाटे उसाचे ट्रॅक्टर असतात. दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेलच असं नाही, आणि वळणावर मागची ट्रॉली बाहेर झुलते. पहिली गेली म्हणून रस्त्यात येऊ नका. उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं बघत पळा, डोक्याला टॉर्च, अंगात चमकणारा पट्टा. सांडलेला ऊस चिरडला की रस्ता चिकट आणि निसरडा होतो. शिवाय 25 ला गुरुवार, चार दिवस जोडून सुट्टी, हायवेकडे फिरकू नका.

त्यापेक्षा घरावरून जाणारी 7 किमीची फेरी आखा आणि चार वेळा मारा. फाटकाच्या खांबावर बाटली ठेवता येते, बाथरूम जवळ, आणि पाय बिघडला तर घर साडेतीन किमीच्या आत. धोका एकच: तिसऱ्या फेरीला घरातून चहाचा वास येतो.

घाटवाट (9:05)
खाण्याचं. 26 ला रात्री साधा भात-वरण, साडेसातला. मटण बिर्याणी उरलेली असणारच, ती नको, मसाला आणि तूप पहाटेपर्यंत पोटात बसतं. 27 ला 4 वाजता दोन केळी किंवा पाव-जॅम. केक-करंजी पळण्याआधी नाही, तुपाने पोट हळू रिकामं होतं. पळताना तासाला 40 ग्रॅम कार्ब: सव्वातीन तासांत तीन एनर्जी जेल म्हणजे साधारण 75, दहा बिनबियांचे छोटे खजूर म्हणजे 50 च्या आसपास, बाकी बाटलीतून. ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटरमध्ये. अर्धं पाकीट ग्लासात टाकून "कडक" करू नका, मळमळतं. मुंबईत जे जेल घेणार तेच इथे घ्या.

25 ला पळायचंच असेल तर सकाळी नको. एकला उपासना सुटणार, कॉफी-केक करत दोन वाजणार. दुपारच्या जेवणानंतर किमान चार तास सोडून संध्याकाळी अर्धा तास. किंवा तेही नको, पाहुण्यांना घेऊन साताऱ्याच्या चार भिंती स्मारकापर्यंत चालत जा. घरचेही खूश.

रिकाम्यापोटी (9:11)
इतकी साखर? पूर्वीचे लोक काय जेल खाऊन पळायचे?

कोरेगाव_रोड (9:13)
@रिकाम्यापोटी पूर्वीचे लोक गूळ-शेंगदाणे खायचे. गूळ म्हणजेही साखरच.

नडगी_नको (9:20)
राहिलंच. 28 ला पेटी खाली मांडी घालून वाजवणार का? आदल्या दिवशी 28 किमी केलेले पाय तासभर दुमडले की गोळे येतात. पेटी टेबलावर घ्या, खुर्चीत बसा.

सदरबझार_पहाट (9:48)
ठरलं. करंज्या 18 ला दुपारी, लाटायला मी, तळायला जाऊबाई. 21 ला 18 किमी, तेही नडगी बघून. 27 ला पहाटे 4:40, 7 च्या चार फेऱ्या. पाण्याची मोटर साडेपाचला लावायची असते ती भाऊजी बघतील, बाटल्या त्यांच्याचकडे दिल्यात. बूट आज संध्याकाळी पोवई नाक्यावर बघते. पाळकसाहेबांना खुर्चीचं सांगितलं, ते म्हणाले एवढंच ना. धन्यवाद सगळ्यांना. 27 ला नडगीचं कळवते.

मोहन_कडकडीत (9:55)
आणि केकची फळं भिजवलीत का? नसतील तर अर्धा किलो फळं संत्र्याच्या रसात मंद आचेवर सहा-सात मिनिटं उकळून रात्रभर झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी चालतात. नुसती कच्च्या रसात आठवडाभर बाहेर ठेवलीत तर आंबतील. पिठात घालण्याआधी मैद्यात घोळवा, नाहीतर सगळी तळाला बसतात.