पंप बंद केले की खरी कटकट सुरू
काही जणांना वाटतं की खाण बंद झाली की तिथलं पाणी आपोआप निवळत असेल, पण दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या बाजूला नेमकं उलटं झालं. सोन्याच्या खाणी चालू होत्या तोवर पंप दिवसरात्र पाणी उपसत होते, ते थांबले आणि बोगदे भरत भरत २००२ मध्ये क्रुगर्सडॉर्प गावाजवळ पाणी वर आलं, तेही अ‍ॅसिडवालं, गंजासारखं तांबडं, कारण त्या दगडात पायराइट म्हणजे लोह-गंधकाचं खनिज असतं, हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार. आता ते पाणी पुन्हा पंपाने उपसून, चुना टाकून लोह वगैरे खाली बसवतात, पण सल्फेट (त्या अ‍ॅसिडमधून आलेला क्षार) बरंचसं पाण्यात तसंच राहतं, ते काढायचं तर आरओसारखं महागडं काहीतरी हवं. आणि हे पंपिंग चालवायचं तरी किती वर्षं? बऱ्याच कंपन्या सोनं घेऊन कधीच पसार, बिल सरकारच्या म्हणजे लोकांच्याच माथी.