मदत हवी आहे: तिरेनिया या इटालियन फेरी कंपनीच्या जहाजांचा माग कसा काढावा?

सागरकाठ

नमस्कार मंडळी,

इटलीच्या तिरेनिया कंपनीवर मराठीत सविस्तर लेख लिहायला घेतला आहे. कंपनीची हकीकत बऱ्यापैकी जुळली, गाडं अडलंय ते जहाजांच्या यादीवर. मर्चंट नेव्हीत असलेले, सर्व्हेचं काम केलेले किंवा जुनी जहाज-रजिस्टरं चाळलेले कोणी इथे असतील तर कृपया वाट दाखवा.

थोडी पार्श्वभूमी देतो. डिसेंबर १९३६ मध्ये इटलीने सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रवासी जहाजसेवा फिनमारे या एका छत्राखाली आणल्या आणि चार कंपन्यांना समुद्र वाटून दिला. जेनोआची इटालिया, त्रिएस्तेची लॉइड त्रिएस्तिनो, व्हेनिसची आद्रियातिका आणि नेपल्सची तिरेनिया. यातली लॉइड त्रिएस्तिनो मुंबईकरांच्या ओळखीची. गोलमेज परिषदेनंतर डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी ब्रिंदिसीहून मुंबईला आले ते याच कंपनीच्या 'पिल्स्ना'वरून. तिरेनियाच्या वाट्याला मात्र जवळचं पाणी आलं: सार्डिनिया, सिसिली, ट्यूनिस, लिबिया. मोठ्या लायनर जहाजांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण रात्री नेपल्सला चढायचं आणि सकाळी पालेर्मोला उतरायचं, अशी शिपाई, विद्यार्थी, आजारी माणसं आणि टपाल वाहणारी जी बोट असते, तिच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. बेटावरच्या माणसाचं सगळं जगणं त्या बोटीवर असतं, म्हणून मला हीच कंपनी घ्यायची आहे.

महायुद्धाने ताफ्याची वाताहत केली. 'चित्ता दी पालेर्मो' हे एक उदाहरण. नौदलाने हाताशी घेतलेलं हे प्रवासी जहाज जानेवारी १९४२ मध्ये आयोनियन समुद्रात ब्रिटिश पाणबुडीने बुडवलं. युद्धानंतर कंपनी नव्याने उभी राहिली आणि १९७०-७१ मध्ये गाड्या पोटात घेणारी सहा जहाजं आली. नावं कवी-लेखकांची: बोक्काचो, कार्दुच्ची, लेओपार्दी, मांझोनी, पास्कोली, पेत्रार्का. १९७९ ते ८१ दरम्यान प्राचीन रोमन रस्त्यांच्या नावाची आणखी सहा: ऑरेलिया, क्लोदिया, नोमेन्ताना, दोमिझियाना, एमिलिया, फ्लामिनिया.

इथून पुढे माझी पंचाईत सुरू होते.

जहाज विकलं गेलं की कंपनीच्या यादीत 'विकले' एवढाच शेरा येतो आणि विषय मिटतो. मला तिथे थांबायचं नाही. बोक्काचोचंच बघा. कास्तेल्लाम्मारे दी स्ताबियाच्या गोदीत बांधलेली, १९७० ची. १९९१ मध्ये तिच्यावर वाढीव डेक चढवले, १९९९ मध्ये ती इजिप्तच्या कंपनीकडे गेली आणि 'अल-सलाम बोक्काचो ९८' झाली. ३ फेब्रुवारी २००६ च्या पहाटे सौदीतल्या दुबाहून सफागाला जाताना ती तांबड्या समुद्रात बुडाली. हजाराहून जास्त माणसं गेली. बहुतेक इजिप्तचे कामगार, आखातात राबून घरी निघालेले. तिरेनियाच्या यादीत हे नसेल तर ती यादी अपुरी आहे, असं मला मनापासून वाटतं.

तर अडचणी अशा. नाव, झेंडा (म्हणजे नोंदणीचा देश), मालक, सगळंच बदललं तर तेच जहाज आहे हे पक्कं कशावरून करायचं? रोमन रस्त्यांवाल्या जहाजांची नंतर लांबी आणि उंची वाढवली गेली, ती वेगळी नोंद धरायची का? आणि युद्धापूर्वीच्या जहाजांसाठी काय आधार घ्यायचा?

नांगर

विषय आवडला. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: आयएमओ नंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा जहाज-क्रमांक. ही पद्धत १९८७ ला आली, १९९६ पासून सक्तीची झाली. सात आकडे असतात, आणि जहाज भंगारात जाईपर्यंत ते बदलत नाहीत. नाव रंगवून टाकतील, नंबर राहतो.

नंबर बरोबर उतरवला का हेही तपासता येतं. बोक्काचोचा नंबर ६९२१२८२. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा: ४२, ५४, १०, ४, ६, १६. बेरीज १३२. शेवटचा आकडा २, आणि नंबराचाही शेवटचा आकडा २. जुळलं नाही तर कुठेतरी आकडा चुकलाय असं समजा. इक्वासिस या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून नंबर टाका, सध्या चालू असलेल्या जहाजांची माहिती मिळेल.

लांबी वाढवली तरी नोंद एकच ठेवा. मूळ सांगाडा तोच असतो, मध्ये कापून नवा तुकडा जोडतात. फक्त आधीची आणि नंतरची मापं वर्षासकट लिहा.

युद्धापूर्वीच्या जहाजांना हा नंबर नाही. तिथे गोदीचं नाव, गोदीचा बांधणी क्रमांक आणि वर्ष अशी तिन्ही मिळून ओळख धरायची. लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या छापील नोंदवहीचे जुने वार्षिक खंड स्कॅन केलेले आहेत, त्यात जहाजाची आधीची नावंही देतात.

माडबन

मी जहाजांच्या सर्व्हेत होतो, म्हणून एक विनंती. 'वाढीव डेकमुळे बुडाली' असं सरळ लिहू नका. त्या रात्री गाड्यांच्या डेकवर आग लागली. विझवायला मारलेलं पाणी बाहेर जायला हवं होतं, ते साचत गेलं. बंदिस्त रुंद डेकवर पाणी मोकळं राहिलं की जहाज जरा कललं तरी सगळं त्याच बाजूला धावतं, मग कल आणखी वाढतो. ताटात पाणी घेऊन चाललं की जे होतं तेच, फक्त हजारो टनांच्या जहाजावर. उंची वाढवल्याने स्थैर्यावर परिणाम होतो हे खरंच, पण कारणांची साखळी आहे, ती पूर्ण द्या.

आणखी एक गोष्ट लेखात असायला हवी. या जहाजाला प्रमाणपत्र देणारी रिना ही संस्था जेनोआची. वाचलेल्यांनी आणि मृतांच्या नातेवाइकांनी तिच्यावर जेनोआच्या कोर्टात दावा लावला. आम्ही पनामा या झेंड्याच्या देशाच्या सरकारच्या वतीने काम केलं, म्हणून आमच्यावर खटला चालत नाही, असं संस्थेचं म्हणणं. युरोपियन संघाच्या न्यायालयाने ७ मे २०२० ला सांगितलं की सार्वभौम सत्तेचे अधिकार वापरले नसतील तर ही ढाल घेता येणार नाही. आमच्या धंद्यात हा निकाल फार महत्त्वाचा आहे.

बावटा

मुंबईचा धागा सुटू देऊ नका. जेनोआच्या राफाएले रुबात्तिनोने सुएझ कालवा खुला होताच मुंबईकडे आगबोटी सुरू केल्या. वाटेत कोळसा भरायला तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असाबची जागा त्याच्या कंपनीने १८६९ मध्ये घेतली. १८८१ मध्ये रुबात्तिनो आणि सिसिलीचे फ्लोरिओ एकत्र आले. तिरेनियाने नंतर आपल्या दोन जहाजांना 'विन्चेन्झो फ्लोरिओ' (१९९९) आणि 'राफाएले रुबात्तिनो' (२०००) अशी नावं दिली, ती याच आठवणीतून.

सागरकाठ

नांगर, माडबन, बावटा, तिघांचेही मनापासून आभार. नंबराची पडताळणी उरलेल्या पाच कवींवर आजच लावतो. माडबन, रिनाचा खटला वेगळ्या प्रकरणात घेतो, तो ओझरता उल्लेखण्यासारखा नाही.

यादीचे रकाने असे ठरवतोय: आयएमओ नंबर किंवा गोदी-क्रमांक, सगळी नावं वर्षांसह, मालक, झेंडा, केलेले बदल, शेवट. जुलै २०१२ मध्ये खाजगीकरण होऊन ताफा 'चिन' (CIN) या नव्या इटालियन कंपनीकडे गेला, तिथे मालकाचा रकाना बदलेल, नाव तेच राहील.

एक शंका उरली. पेत्रार्का 'सलाम पेत्रार्का ९०' झाली आणि २००२ मध्ये आग लागून बुडाली, म्हणजे बोक्काचोच्या चारच वर्षं आधी. दोन्ही एकाच आराखड्याच्या. माडबन, पहिल्या आगीनंतर त्याच वर्गातल्या बाकीच्या जहाजांची तपासणी कोणाच्या अंगावर येते? झेंड्याच्या देशाच्या, मालकाच्या, की प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या?

माडबन

पहिली जबाबदारी मालकाची, त्यासाठी आयएसएम कोड, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. झेंड्याच्या देशाने अपघाताची चौकशी करायची आणि त्याने काम सोपवलं असेल तर संस्थेने पुढच्या सर्व्हेत त्या जागा बघायच्या. तिघांच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, शोध तिथूनच सुरू करा. पेत्रार्काच्या वेळचा झेंडा आणि संस्था आधी नक्की करून इथे टाका, पुढचं मी सांगतो.