वर्गाच्या ग्रुपवर सगळ्या मुलांची आधार-जात-उत्पन्नाची शीट, काय करावं?

कोथरूडची_आई:
मुलगी चौथीत आहे, शाळेचं नाव लिहीत नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल शीटची लिंक आलीये, प्रत्येकाने आपापल्या मुलाची ओळ भरायची. आधार नंबर, जन्मतारीख, जात, घरचं उत्पन्न, पत्ता, दोघांचे मोबाइल, सगळं. लिंक उघडली तर आधी भरलेल्यांचं सगळं दिसतंय आणि बदलताही येतंय! ग्रुपवर व्हॅनवाले काका आहेत, शाळा सोडून गेलेल्या मुलांचे पालक पण अजून आहेत. मी भरलं नाही तर बाईंचा मेसेज, तुमचंच राहिलंय. बाई खूप चांगल्या आहेत, त्यांच्याशी वाद घालायचा नाहीये, पण कुणाच्या घरात किती पैसे येतात हे अख्ख्या वर्गाला कशाला कळायला हवं? आधार सक्तीचं आहे का? नाही दिलं तर मुलीचं काही अडेल का?

फुरसुंगीचे_सर:
ताई, मी अनुदानित शाळेत शिकवतो. बाई मागे का लागल्यात ते सांगतो. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, प्रत्येक मुलाची नोंद करावी लागते, आणि आमच्याकडे संचमान्यतेला (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात ती) आधार जुळलेली मुलंच धरतात, म्हणजे नावात एक अक्षर चुकलं आणि आधार जुळलं नाही तर ते मूल पटावर असून मोजलं जात नाही आणि शिक्षकाचं पद धोक्यात येतं. त्यात अपार आयडीचं, म्हणजे प्रत्येक मुलाच्या कायमच्या शैक्षणिक ओळख क्रमांकाचं काम. क्लार्क नसतो, रात्री घरी बसून स्वतःच्या मोबाइलवरून भरतो आम्ही. पण म्हणून शीट उघडी टाकायची हे मला अजिबात पटत नाही. जात प्रवेशाच्या वेळीच जनरल रजिस्टरला लिहिलेली असते, परत कशाला? उत्पन्न ज्यांना स्कॉलरशिप किंवा सवलत हवी त्यांच्याकडूनच मागायचं. मी मुलांकडून बंद पाकिटात कागद मागवतो, पोर्टलला भरलं की पाकीट परत. तुम्ही शाळेत जाऊन आधार दाखवा, बाईंना समोरच भरून घेऊ द्या, त्यांचंही काम होईल.

पेठेतला_पालक:
एवढं काय त्यात, आधारची झेरॉक्स आपण सिमकार्डवाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळ्यांना देतोच की.

हिंजवडी_फेज२:
देतो म्हणून ते बरोबर होत नाही ना दादा. कायद्याचं सांगतो. सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही असं स्पष्ट म्हटलंय. अपार पण ऐच्छिक आहे, पालकाचं संमतीपत्र लागतं आणि नाही म्हणता येतं. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल, आणि मुलांच्या माहितीबाबतची बंधनं मोडली तर दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो.
पण ताई, कायदा नंतर, आज शीट बंद करायला सांगा. शेअरमध्ये जाऊन लिंक असलेल्या कुणालाही ही सेटिंग काढायची, दोन मिनिटांचं काम आहे. मग गुगल फॉर्म करा, त्यात उत्तरं फक्त बाईंना दिसतील, पालकांना एकमेकांची दिसू नयेत म्हणून उत्तरांचा सारांश दाखवण्याची सेटिंग बंद ठेवायची. ज्यांनी आधीच डाउनलोड केलीये त्यांच्याकडून मात्र ती परत येत नाही, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. सहल, स्पर्धा वगैरेला मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, आधारच्या साइटवरून मिळतं. यू-डायसला मात्र पूर्ण नंबर लागतो, तिथे ते चालणार नाही.

सिंहगडरोड_अ:
पेठेतले दादा, माझ्या जवळच्या मैत्रिणीचं सांगते. मारहाणीला कंटाळून ती मुलाला घेऊन वेगळी राहते, नवऱ्याला नवीन पत्ता माहीत नाही आणि माहीत होऊ द्यायचाही नाहीये. तो मात्र बाप म्हणून वर्गाच्या ग्रुपवर आहे. अशा शीटमध्ये तिने पत्ता भरला तर काय होईल? आणि नाही भरला तर सगळ्यांसमोर तिचंच राहिलंय म्हणून नाव येणार. घर, मोबाइल, मूल कुठल्या व्हॅनने येतं, हे एकत्र एका ओळीत असणं भयंकर आहे हो.

पेठेतला_पालक:
हे डोक्यातच आलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं.

कोथरूडची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. आज बाईंना एकटीला फोन केला, ग्रुपवर काही लिहिलं नाही. त्यांनी लगेच लिंक बंद केली, म्हणाल्या वरून तयार शीट आली ती तशीच टाकली. उद्या आधार घेऊन शाळेत जातेय. जात आणि उत्पन्नाचे रकाने काढायला मुख्याध्यापकांना अर्ज देणार आहे, आणि जुन्या पालकांना ग्रुपमधून काढा हेही त्यात लिहिणार. सर, मराठीत असा अर्ज आधी कुणी दिला असेल तर मजकूर टाकाल का इथे, अजून तिघी सह्या करायला तयार आहेत.