शिंपल्यांची रास आणि दोन देशांचे एक पाणी

मंडळाच्या सर्व सभासदांस,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारच्या सहलीत, अमेरिका-कॅनडा सीमेलगतच्या पाच महासरोवरांपैकी एका, मिशिगन सरोवराच्या काठी एका मुलाचा पाय कापला, तो काचेने नव्हे, शिंपल्याने. वाळू बाजूला सारून पाहिली तेव्हा बोटाच्या पेराएवढ्या, वस्तऱ्यासारख्या धारदार कडांच्या रिकाम्या शिंपल्यांचा वीतभर जाडीचा थर खाली निघाला. मी या किनाऱ्यावर पंचवीस वर्षे येत आहे. पूर्वी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले की स्वतःची पावले दिसत नसत. आता होडीतून वाकून पाहिले तर दोन पुरुष खोल तळावरचे गोटे मोजता येतात. पाणी असे निवळशंख होण्याचे श्रेय या शिंपल्यांना दिले जाते, असे ऐकतो. तसे असेल तर त्यांच्या नावाने एवढी ओरड का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की, होड्या उतरवण्याच्या धक्क्यावर होडीतले पाणी काढून टाकण्याची सक्ती करणारा फलक आहे. समुद्रावरून येणाऱ्या जहाजांनी जे आणायचे ते आणून झाल्यावर माझ्या वल्ह्याच्या होडीतल्या तांब्याभर पाण्याने आता आणखी काय बिघडणार आहे? जाणकारांनी खुलासा करावा.

आपला,
मंडळाचा एक ज्येष्ठ सभासद

प्रत्युत्तर

काकांस सादर नमस्कार.

मी सरोवरातून पाणी उचलणाऱ्या एका जलशुद्धीकरण केंद्रात काम करते, त्यामुळे झेब्रा आणि क्वागा जातींचे हे परके शिंपले माझ्या रोजच्या परिचयाचे आहेत. पाणी निवळ दिसते याचे कारण त्यातले अन्न कोणीतरी खाऊन टाकलेले आहे. एक शिंपला दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म प्लवक ठेवून घेतो. तळभर पसरलेल्या असंख्य शिंपल्यांनी हे काम रात्रंदिवस चालवले की माशांच्या पिलांच्या वाट्याला काही उरत नाही. मिशिगन आणि ह्युरॉन या सरोवरांत तळाशी राहणारा डायपोरिया नावाचा कोळंबीसारखा बारीक जीव जवळजवळ दिसेनासा झाला आणि त्याच्यावर पोसला जाणारा व्हाइटफिश मासा आधी हडकला, मग संख्येने घटला. शिवाय निवळ पाण्यातून ऊन खोलवर पोचते, तिथे क्लॅडोफोरा शेवाळ माजते, ते कुजू लागले की त्याखालचा प्राणवायू संपतो आणि तिथे बोटुलिझमचे विष तयार होते. ते विष माशांमार्फत पाणपक्ष्यांच्या पोटात जाते. किनाऱ्यावर मरून पडलेले लून पक्षी आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील.

त्यातही ही मंडळी खाण्याच्या बाबतीत चोखंदळ आहेत. मायक्रोसिस्टिस हे विषारी नील-हरित शेवाळ तोंडाशी आले की ती ते थुंकून टाकतात आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना गिळतात. ईरी सरोवरात शेतांतून वाहून येणारे फॉस्फरसचे खत हे या शेवाळाचे मुख्य कारण आहेच, पण शिंपले त्याला हातभार लावतात. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलीडो शहराच्या नळाच्या पाण्यात हे विष उतरले आणि सुमारे चार-पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस ते पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले, कारण उकळल्याने विष नाहीसे होत नाही, उलट पाणी आटून ते अधिक दाट होते.

झेब्रा शिंपला १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात प्रथम आढळला. तो मूळचा काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या परिसरातला. जहाजे तोल राखण्यासाठी पोटात जे पाणी भरून घेतात, त्या बॅलास्ट पाण्यातून तो आला. पुढच्याच वर्षी मिशिगन राज्यातल्या मन्रो शहराचा पाणीपुरवठा या शिंपल्यांमुळे बंद पडला. मागोमाग त्याचा भाऊबंद क्वागा आला. झेब्राला चिकटायला दगड, लोखंड असे काहीतरी टणक लागते, क्वागाला मऊ गाळ आणि गार, खोल पाणीही चालते, त्यामुळे आज मिशिगन सरोवराच्या तळावर त्याचेच राज्य आहे. सुपीरियर सरोवर बरेचसे बचावले, ते आपल्या शहाणपणामुळे नव्हे. तिथल्या पाण्यात कवच घडवण्यापुरते कॅल्शियम नाही, एवढेच.

आमच्या केंद्रात पाणी आत घेणाऱ्या नळाच्या तोंडाशी, सरोवराच्या तळावर, औषध सोडणारी वेगळी बारीक नळी बसवावी लागली, कारण यांची पिले डोळ्यांना न दिसण्याइतकी लहान असतात आणि जाळीतून सहज आत शिरतात. पहिल्यांदा नळ साफ केला तेव्हा पाणबुड्याने खरवडून आणलेला एक गठ्ठा मी हातात घेतला होता. मधोमध तळहाताएवढा एक स्थानिक शिंपला होता आणि त्याच्यावर झेब्रा शिंपल्यांचे एकावर एक असे थर, रेशमी पण तोडता न येणाऱ्या धाग्यांनी बांधलेले, की बिचाऱ्याला कवच उघडायलाही फट उरली नव्हती. तो केव्हाच मेला होता.

दार लावायला फार उशीर झाला, हे काकांचे म्हणणे खरे आहे, पण दार लावल्यावर फरक पडला हेही खरे आहे. सुरुवातीच्या नियमांत जहाजांना भर समुद्रात बॅलास्ट पाणी बदलण्याची सक्ती होती, मात्र रिकाम्या म्हणवल्या जाणाऱ्या टाक्यांच्या तळाशी गाळ आणि उरलेसुरले पाणी राहते याकडे दुर्लक्ष झाले होते. कॅनडाने २००६ मध्ये आणि समुद्रातून सरोवरांत येण्याच्या सेंट लॉरेन्स जलमार्गाच्या अमेरिकी बाजूने २००८ मध्ये त्या टाक्याही खाऱ्या पाण्याने खळबळून घेण्याचा नियम केला आणि तेव्हापासून जहाजांवाटे नव्या जीवांचे येणे अगदी विरळ झाले. आजवर १८० हून अधिक परके जीव या सरोवरांत स्थिरावले आहेत. त्यांतले बहुतेक तो नियम होण्याआधीचे.

आपली नम्र,
पाणीखात्यातली एक सभासद

प्रत्युत्तर

ताईंच्या पत्राबद्दल आभार. माझी शंका थोडी वेगळी आहे.

शिकागोच्या कालव्यात, मिसिसिपीकडून सरोवराकडे येणारे परके कार्प मासे अडवण्यासाठी पाण्यात वीज सोडतात आणि त्यावर वर्षानुवर्षे खर्च होतो. कालवाच बुजवून टाकला तर प्रश्न कायमचा सुटणार नाही काय? दुसरीकडे, सरोवरांचे पाणी पाणलोट क्षेत्राबाहेर नेऊ देत नाहीत म्हणून लगतच्या गावांची अडचण होते. माझ्या मते हे दोन वेगळे विषय आहेत आणि मंडळातल्या गप्पांत आपण त्यांची उगाच सरमिसळ करत आहोत. पाणी कोणी किती घ्यायचे हा वाटपाचा प्रश्न आहे, तर कोणता मासा कुठे शिरला हा जीवशास्त्राचा. दोहोंसाठी एकच समिती, एकच करार अशी अपेक्षा ठेवली तर दोन्ही कामे रखडतील.

आपला,
एक सभासद

प्रत्युत्तर

नमस्कार.

हे विषय वेगळे ठेवता येत नाहीत, याचा सर्वांत ढळढळीत पुरावा म्हणजे तोच कालवा. शिकागोचे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून १९०० मध्ये तो खणून शिकागो नदीचा प्रवाह उलटा फिरवला, म्हणजे तो निर्णय शंभर टक्के पाणी व्यवस्थापनाचा होता. त्याने सरोवराचे पाणी मिसिसिपीच्या खोऱ्यात वळले, खालच्या राज्यांशी आणि शेजारच्या राज्यांशी खटले झाले आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये इलिनॉय राज्याला ३,२०० क्युसेकची मर्यादा घालून दिली. पण त्याच निर्णयाने दोन खोऱ्यांमध्ये दारही उघडले. त्या दारातून झेब्रा शिंपले सरोवराकडून मिसिसिपीकडे गेले आणि आता कार्प उलट दिशेने वर येत आहेत. हे कार्प १९७० च्या दशकात दक्षिणेकडच्या मत्स्यतळ्यांची सफाई करण्यासाठी मुद्दाम आणलेले. त्यांतली एक जात मोटारबोटीच्या आवाजाने बिथरून पाण्याबाहेर उसळी मारते आणि माणसांना जखमी करते. विजेच्या अडथळ्याची गंमत अशी की, तो मुळात राउंड गोबी हा परका मासा सरोवरातून बाहेर जाऊ नये म्हणून योजला होता. २००२ मध्ये तो सुरू होईपर्यंत गोबी केव्हाच पलीकडे पोचला होता.

कालवा बुजवण्याचा हिशेब सरकारी अभियंत्यांनी २०१४ मध्ये मांडला, तेव्हा खर्च सुमारे १८ अब्ज डॉलर आणि अवधी सुमारे २५ वर्षे निघाला, कारण सांडपाणी, पूर आणि मालवाहतूक हे तिन्ही नव्याने बसवावे लागते. म्हणून सध्या भर आहे तो जोलिएटजवळच्या ब्रँडन रोड जलपाशावर (जहाजे वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारांवर), आणि तिथे वीज, ध्वनी व हवेचे बुडबुडे यांचे एकावर एक अडथळे उभारण्याचे काम चालू आहे. मला हा तोडगा पूर्ण समाधानकारक वाटत नाही, पण दुसरा हाताशी नाही.

वाटपाच्या करारातही हे दोन विषय एकत्रच आहेत. सरोवरांकाठच्या आठ अमेरिकी राज्यांचा जो करार २००८ मध्ये लागू झाला, त्याने पाणी बाहेर नेण्यास बंदी केली आणि अगदी मोजके अपवाद ठेवले. विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा शहराला २०१६ मध्ये आठही राज्यांच्या संमतीने असा अपवाद मिळाला, पण वापरलेले पाणी शुद्ध करून सरोवराच्या खोऱ्यात परत सोडण्याच्या अटीवर. परत येणाऱ्या पाण्यातून परके जीव शिरू नयेत, अशी अट त्याच कलमात लिहिली आहे. उलट १९०९ च्या अमेरिका-कॅनडा सीमाजल करारात मिशिगन सरोवर सीमाजलात धरलेलेच नाही, कारण ते संपूर्णपणे अमेरिकेत आहे. वास्तविक मॅकिनॉच्या सामुद्रधुनीने ते ह्युरॉनला असे जोडले गेले आहे की दोन्हींची पातळी एकच असते. करार लिहिणाऱ्यांना सीमेची रेघ दिसली, शिंपल्यांना दिसली नाही.

दोन्ही देशांनी मिळून एखादे काम नेटाने केले की काय होते, ते लॅम्प्रेच्या बाबतीत दिसते. हा अटलांटिकमधला रक्तशोषक मासा वेलँड कालव्याची सुधारणा झाल्यावर नायगाराला वळसा घालून १९२१ मध्ये ईरी सरोवरात आणि १९३८ पर्यंत सुपीरियरपर्यंत पोचला. एक लॅम्प्रे आपल्या परजीवी आयुष्यात चाळीस पौंडांपर्यंत मासे मारतो. लेक ट्राउटची वर्षाची सुमारे दीड कोटी पौंडांची मासेमारी १९६० च्या सुमारास तीन लाखांवर आली. १९५५ मध्ये दोन देशांचा संयुक्त मत्स्य आयोग उभा राहिला, हजारो रसायने तपासून ओढ्यांतल्या लॅम्प्रेच्या अळ्या मारणारे एक औषध सापडले आणि त्यांची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. मात्र हे काम संपणारे नाही. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, पथके ठरलेल्या ओढ्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्यापर्यंत पोचू शकली आणि पुढच्या वर्षांत जखमा घेऊन सापडणाऱ्या माशांचे प्रमाण पुन्हा वाढले.

काकांच्या होडीचे राहिलेच. मोठ्या सरोवराला तिने फारसे नुकसान होणार नाही, हे मान्य. पण तीच होडी पुढच्या रविवारी आतल्या एखाद्या लहान तळ्यात उतरते, आणि तिथे अजून शिंपला पोचलेला नसतो. जहाज त्या तळ्यात कधीच जाणार नाही. तिथे जाणारी फक्त आपली होडी. एक मादी वर्षाला लाखो अंडी घालते, त्यामुळे तांब्याभर पाणी पुरेसे असते. मिशिगन राज्यात २०१९ पासून रस्त्यावर आणण्यापूर्वी बुचे काढून पाणी सांडणे कायद्याने बंधनकारक आहे. शनिवारी मंडळाच्या दोन्ही होड्यांची बुचे मी काढली, तेव्हा मागच्या होडीच्या फळीखाली पाणवनस्पतीचा एक झुबका अडकलेला होता आणि त्याच्या देठाला तांदळाच्या दाण्याएवढे तीन शिंपले चिकटलेले होते. होड्या माझ्या अंगणात उलट्या घालून वाळत ठेवल्या आहेत. किमान पाच दिवस तरी त्या हलवू नयेत. गुरुवारनंतर कोणीही घेऊन जावे.

आपली नम्र,
पाणीखात्यातली तीच सभासद