जुना व्हीसीआर संगणकाच्या मॉनिटरला कसा जोडावा?

खानापूरकर

नमस्कार. आमच्याकडील व्हीएचएस कॅसेटचा व्हीसीआर अद्याप चालू आहे. थोरल्या बहिणीचे १९९४ सालचे लग्न आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात झालेली भावाची कसम परेड, या दोन कॅसेट पुन्हा पाहाव्यात, अशी आईची फार इच्छा आहे. परंतु जुना टीव्ही गेल्या पावसाळ्यात बंद पडला आणि आता घरात मुलाच्या संगणकाचा २२ इंची मॉनिटर तेवढा आहे. त्याला व्हीजीए आणि एचडीएमआय अशा दोन जोडण्या आहेत, स्पीकर नाही. एका दुकानदाराने एका टोकाला पिवळी, लाल व पांढरी पिन आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली केबल दिली. ती जोडल्यावर मॉनिटर ‘सिग्नल नाही’ एवढेच दाखवतो. बिघाड व्हीसीआरमध्ये आहे, मॉनिटरमध्ये की केबलमध्ये, हे कसे ओळखावे?

टिळकवाडीचा दुरुस्तीवाला

बहुधा तिन्हींपैकी काहीच बिघडलेले नाही. आपल्याकडील टीव्हीच्या पाल या प्रसारण पद्धतीत एक चित्र ६२५ ओळींचे असते आणि सेकंदाला २५ चित्रे येतात, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी झाल्या. व्हीजीए मॉनिटरला मात्र साधारणपणे किमान ३१,५०० ओळींच्या आसपासचा वेग लागतो. शिवाय पिवळ्या पिनेतून उजेड आणि रंग एकाच तारेत मिसळून येतात, तर व्हीजीएला लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळ्या तारांतून द्यावे लागतात. हे काम नुसत्या तारेचे नव्हे. आलेले चित्र क्षणभर साठवून, त्याच्या ओळी नव्याने आखून पुढे पाठवणारे सर्किट मध्ये असावेच लागते आणि त्यालाच कन्व्हर्टर म्हणतात. तुम्हाला मिळालेली केबल काही जुन्या संगणकांच्या ग्राफिक्स कार्डातून टीव्हीवर चित्र नेण्यासाठी होती, तिचा येथे उपयोग नाही.

निपाणीहून

वरील काकांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. तुमच्या मॉनिटरला एचडीएमआय आहे, तेव्हा व्हीजीएच्या मागे न लागता ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर घ्यावा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ ही नेमकी उलट दिशेची डबीही दिसायला तशीच असते आणि एकीऐवजी दुसरी हाती पडणे अगदी सहज घडते. मी स्वतः एकदा तीच घेऊन घरी आलो होतो. पिवळी, लाल व पांढरी भोके ‘इनपुट’च्या बाजूला आहेत ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. डबीला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो, त्यासाठी मोबाइलचा साधा चार्जर चालतो. मॉनिटरला हेडफोनचे भोक असल्यास आवाज तेथून मिळेल. नसल्यास लाल व पांढरी पिन कन्व्हर्टरला न लावता सरळ एखाद्या अ‍ॅम्प्लिफायरला लावावी.

खानापूरकर

आपणा दोघांचे आभार. कन्व्हर्टर आणला आणि चित्र आले. मात्र सगळ्यांचे चेहरे आडवे पसरलेले दिसतात, चित्राच्या अगदी तळाशी फाटल्यासारखी एक पट्टी सतत थरथरते, आणि परेडची कॅसेट चालू असताना मध्येच सगळा पडदा निळा होतो. कन्व्हर्टरच हलका निघाला काय?

टिळकवाडीचा दुरुस्तीवाला

पहिल्या दोन गोष्टींत दोष कोणाचाच नाही. कॅसेटवरील चित्र ४:३ आकाराचे असते, कन्व्हर्टर ते १६:९ मध्ये ताणतो; मॉनिटरच्या मेनूत ४:३ चा पर्याय असेल तर तो निवडावा. तळाची पट्टी पूर्वीही होतीच. व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवर एका हेडकडून, म्हणजे टेपवरचे चित्र वाचणाऱ्या भागाकडून, दुसऱ्याकडे काम जाते तेव्हा ती उमटते, आणि जुना टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड झाकत असल्याने ती आपल्याला कधी दिसली नाही.

निळ्या पडद्याचे मात्र गांभीर्याने घ्यावे. टेपवरून येणारा सिग्नल किंचित डळमळता असतोच. जुना टीव्ही तो सांभाळून घेत असे, कन्व्हर्टरची पकड मात्र सुटते आणि तो निळा पडदा दाखवतो. काही व्हीसीआरही सिग्नल कमजोर झाला की स्वतःच तसे करतात. आधी ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या नोंदीशी नीट जुळवण्याची व्हीसीआरवरची सोय, फिरवून पाहावे, मग हेड साफ करून घ्यावे. आणि तुमच्या खानापुरातला पाऊस लक्षात घेता, कॅसेटच्या काचेतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसते का, हे सर्वांत आधी पाहावे. दिसल्यास ती कॅसेट मुळीच चालवू नये, कारण बुरशी हेडला लागते आणि तेथून पुढच्या कॅसेटवर जाते.

खानापूरकर

काचेतून पाहिले. लग्नाची कॅसेट स्वच्छ आहे. परेडच्या कॅसेटवर एका कडेला पांढरे ठिपके आहेत, म्हणून ती तूर्त कोरड्या डब्यात बाजूला ठेवली आहे आणि व्हीसीआरचे हेड साफ करून घेतले. ४:३ केल्यावर चेहरे ओळखीचे झाले. आवाज जुन्या टेपरेकॉर्डरच्या लाइन-इनमधून घेतला असून आईने काल अंतरपाट दूर होईपर्यंतचा भाग पाहिला. परेडची कॅसेट साफ करून देणारे कोणी बेळगाव किंवा कोल्हापूरकडे माहीत असल्यास कृपया कळवावे.